पापणी न लवता

डॉक्टरांनी माझ्या दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापणीत कागदाची एकेक पट्टी अडकवली आणि म्हणाल्या, "डोळे मिटून शांत बसा. पाच मिनिटं."

पट्टी म्हणजे टिपकागदाचा तुकडा. ५ मिलिमीटर रुंद, ३५ मिलिमीटर लांब. वरचं टोक दुमडून पापणीत, बाकीची गालावर लोंबणारी. डोळ्यांतलं पाणी कागदात किती खाली उतरतं ते मोजायचं, एवढीच तपासणी. पाच मिनिटांनी त्यांनी पट्ट्या काढून मोजल्या. उजवी सहा, डावी सात. "दहाच्या वर हवी होती," त्या म्हणाल्या. मग डोळ्यांत पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघितलं. पापणी उघडल्यावर अश्रूंचा थर किती सेकंद अखंड राहतो, ते बघायचं होतं. तो दहा सेकंद तरी टिकायला हवा. माझा चार सेकंदांत फाटत होता.

"काम काय करता?"

"सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे."

"किती तास स्क्रीनसमोर?"

मी नऊ म्हणाले. खरा आकडा बारा होता, आणि त्यात रात्री अंथरुणात बघितलेला फोन धरलेला नव्हता.

मी गेले होते चष्म्याचा नंबर वाढलाय असं समजून. त्याला कारण होतं. दोन आठवड्यांपूर्वी मी ऑन-कॉल होते. रात्री अकराला अलर्ट आला आणि पावणेतीनपर्यंत मी सलग लॉग वाचत होते. एका सर्व्हरच्या नावातला ३ मला ८ दिसला. मी चुकीचा सर्व्हर रीस्टार्ट केला. अकरा मिनिटं सेवा बंद पडली. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, पैसेही फार गेले नाहीत. पण अशा घटनेनंतर आमच्याकडे एक टिपण लिहावं लागतं, त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. त्यात एक रकाना असतो : मूळ कारण. तिथे मी लिहिलं, 'मानवी चूक'. डोळ्यांपुढे धूसर होत होतं, हे लिहायची लाज वाटली.

दवाखान्यातून परत येताना रिक्षात ठरवलं, या डोळ्यांचं मूळ कारण शोधायचं. बग शोधताना आपण मागे मागे जातो. हे कधीपासून असं आहे, त्याआधी काय होतं, कुणी काय बदललं. तशी मी मागे जात राहिले आणि थेट सतराव्या शतकाच्या शेवटापर्यंत पोचले.

डोळ्यांत तेल घालून

आधी यंत्रणा समजून घेऊ. मला वाटायचं, अश्रू म्हणजे पाणी. पण नुसतं पाणी असतं तर ते एसीच्या झोतात बघता बघता उडून गेलं असतं. डोळ्यावर अश्रूंचा जो थर कायम पसरलेला असतो त्याची जाडी साधारण ३ मायक्रोमीटर, म्हणजे आपला केस त्याहून वीसेक पट जाड. त्यात तळाला चिकट म्युसिन, त्यामुळे पाणी डोळ्याला धरून राहतं. मधे पाणी. आणि सगळ्यात वर तेलाचा तवंग, पाणी उडून जाऊ नये म्हणून. हे तीन थर यूजीन वुल्फ यांनी १९४६ मध्ये मांडले. आता खालचे दोन थर एकमेकांत मिसळलेले असतात असं मानतात, पण वरचं तेल कायम आहे.

हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने बसलेल्या बारीक ग्रंथींमधून येतं. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. पापणी मिटते तेव्हा या ग्रंथींवर दाब पडून जरासं तेल बाहेर येतं. पापणी उघडताना ते सारवल्यासारखं डोळ्यावर पसरतं. पापणी लवलीच नाही किंवा अर्ध्यावरून परत गेली, तर सारवण होत नाही. पाणी उडतं, उरलेला थर खारट होतो, डोळ्याचा पृष्ठभाग चुरचुरतो, आणि मग सूज येते. सुजेमुळे थर आणखी लवकर फाटतो. आमच्या भाषेत सांगायचं तर इन्फिनिट लूप.

गंमत म्हणजे असे डोळे कोरडे दिसत नाहीत, ते वाहतात. चुरचुरलं की मेंदू पाण्याचा लोंढा पाठवतो. पण त्या लोंढ्यात तेलाचं प्रमाण नीट नसतं, तो गालावरून ओघळून जातो. म्हणून "माझे डोळे तर सारखे पाणावतात, मला कुठला कोरडेपणा" असं म्हणणाऱ्या अनेकांना नेमका हाच त्रास असतो. मीही तेच म्हणायचे.

आपल्याकडे एखादं काम दक्षतेने करायला सांगताना 'डोळ्यांत तेल घालून कर' म्हणतात. खऱ्या डोळ्यांचं मात्र उलटं आहे. जितकं लक्ष लावून बघाल, तितकं डोळ्यांवर पसरणारं तेल कमी होतं.

त्रास जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'शुष्काक्षिपाक' नावाचा नेत्ररोग आहे : पापण्या रुक्ष आणि कडक होतात, उघडायला त्रास पडतो, दिसायला धूसर होतं. माझ्या डोळ्यांत अडकवलेली पट्टी ओटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याची, १९०३ सालची. १९३३ मध्ये हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश डॉक्टरने डोळे आणि तोंड कोरडं पडणाऱ्या, सांधे दुखणाऱ्या स्त्रियांवर प्रबंध लिहिला. त्याला इतके कमी गुण मिळाले की विद्यापीठातली पुढची वाट बंद झाली. पुढे त्या आजाराला त्याचंच नाव मिळालं. माझ्या रक्ताच्या तपासण्या तो आजार नाही ना, हे बघण्यासाठी होत्या. तो निघाला नाही. 'ड्राय आय' हे सुटसुटीत नाव तर १९५० मधलं, अँड्र्यू डी रॉथ यांनी वापरलेलं.

म्हणजे अवयव माहीत होता, तपासणी माहीत होती, नावही होतं. डॉक्टरांचा तो साधा प्रश्न, 'काम काय करता', तो कुठून आला?

मोदेनाचा डॉक्टर, साताऱ्याचा जुळारी

तो प्रश्न बर्नार्दिनो रामाझिनी यांचा. इटलीतल्या मोदेना शहरातले डॉक्टर. रोग्याला विचारायच्या प्रश्नांमध्ये 'तुझा धंदा काय' हाही प्रश्न हवा, असं त्यांनी लिहून ठेवलं. १७०० साली त्यांनी कामगारांच्या आजारांवर लॅटिनमध्ये एक अख्खं पुस्तक छापलं. ते लिहायची सुरुवात कशी झाली, हे त्यांनी त्यातच सांगितलंय. त्यांच्या घराचा मैलाखड्डा उपसायला एक माणूस आला होता. तो जिवाच्या आकांताने घाईघाईत काम करत होता. इतकी घाई का, असं रामाझिनींनी विचारलं. इथे चार तासांहून जास्त थांबलं तर माणूस आंधळा होतो, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. तो बाहेर आल्यावर रामाझिनींनी त्याचे डोळे तपासले. ते लाल होते आणि अंधुक झाले होते. कामामुळे होणाऱ्या आजारांच्या शास्त्राची सुरुवात अशी एका कामगाराच्या डोळ्यांपासून झाली.

त्याच पुस्तकात छापखान्यातल्या जुळाऱ्यांबद्दलही लिहिलंय. दिवसभर बारीक खिळ्यांकडे टक लावल्याने त्यांचे डोळे अधू होतात, आणि घरी गेल्यावरही कितीतरी तास ती अक्षरं डोळ्यांपुढे नाचत राहतात. हे वाचून मी फोन खाली ठेवला. रिलीजच्या आठवड्यात मी डोळे मिटले की मला लॉगच्या ओळी वर सरकताना दिसतात.

आणि मला आजोबा आठवले. माझे आजोबा साताऱ्यातल्या एका छापखान्यात जुळारी होते. 'जुळारी' हा शब्द आता कुणाला माहीत नसेल. शिशाचं एकेक अक्षर म्हणजे खिळा. लाकडी केसच्या खान्यांतून तो उचलायचा, हातातल्या स्टिकमध्ये उलटा लावायचा, ओळ भरायची. इंग्रजीला थोडे खाने पुरतात. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी देवनागरीचे इतके सुबक खिळे पाडून घेतले की ते देशभर नावाजले गेले. पण खिळा कितीही सुबक असला तरी तो बघणारा डोळा माणसाचाच. आजोबा चाळिशीच्या आधीच जाड भिंगांचा चष्मा लावत होते. कामावरून आले की ओला पंचा डोळ्यांवर ठेवून ओटीवर आडवे पडायचे, असं आजी सांगते.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "आजोबा, मधे सुट्टी असायची का?" ते हसले. "सुट्टी कसली गं. पण ट्रेडल बिघडायचं, प्रूफ यायला वेळ लागायचा, वीज जायची. तेवढ्यात अंगणात जाऊन उभं राहायचं."

रामाझिनींचा बारीक काम करणाऱ्यांना सल्ला हाच होता : मान सतत खाली घालून बसू नका, अधूनमधून काम बाजूला ठेवा, नजर दुसरीकडे न्या. तीनशे वर्षांनी मला डॉक्टरांनी तेच सांगितलं. फरक इतकाच की आजोबांना ती फुरसत कामातच मिळून जायची. मालक दयाळू होता म्हणून नव्हे. यंत्रं मंद होती म्हणून.

पापणी का लवते?

पापणी डोळा कोरडा पडला की लवत असेल, असं आपल्याला वाटतं. तसं असतं तर माझा प्रश्नच मिटला असता. थर फाटला की पापणी आपोआप मिटली असती. १९२७ मध्ये एडिंबरा इथल्या एरिक पाँडर आणि डब्ल्यू. पी. केनेडी या दोघांनी हे तपासलं. डोळ्याचा पृष्ठभाग औषधाने बधिर केला, तरी माणसं नेहमीच्याच वेगाने पापण्या लववत राहिली. हवेतल्या दमटपणानेही फारसा फरक पडला नाही. फरक पडत होता तो मनाच्या अवस्थेने. त्यांचा निष्कर्ष असा की, पापण्यांचा हा नेहमीचा ताल मुख्यतः मेंदूतून ठरतो.

म्हणजे पापणी लवणं ही लक्षातली पडलेली छोटीशी फट आहे. बोलताना, इकडेतिकडे बघताना ती सहज पडते. टक लावून वाचताना मेंदू तिला थांबवून धरतो, कारण तेवढ्या वेळात काहीतरी निसटेल. 'पापणी न लवता बघणं' हा मराठीत कौतुकाचा शब्दप्रयोग आहे. माझा पगार साधारण त्याच गोष्टीचा आहे.

संशय चुकीच्या गुन्हेगारावर

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांमध्ये शिशाचे खिळे गेले आणि पडदे आले. तेव्हा त्यांना व्हीडीटी म्हणायचे, व्हिडिओ डिस्प्ले टर्मिनल. काळ्या काचेवर लुकलुकणारी हिरवी अक्षरं. १९७७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधल्या दोन तरुण उपसंपादकांना मोतीबिंदू झाल्याचं निघालं. इतक्या लहान वयात मोतीबिंदू? पडद्यातून किरणोत्सर्ग होत असणार, असा संशय घेतला गेला. पत्रकारांच्या युनियनने प्रकरण लावून धरलं. नायॉश या सरकारी संस्थेने पडद्यांची मोजमापं घेतली. धोकादायक किरणं सापडली नाहीत.

पुढची कित्येक वर्षं चर्चा किरणांभोवतीच फिरत राहिली. मला यात काही विचित्र वाटत नाही. बग शोधताना आपणही आधी भयंकर कारण शोधतो, साधं कारण समोर असलं तरी दिसत नाही. लोक रोज सांगत होते की डोळे जळजळतात, संध्याकाळी धूसर दिसतं, डोकं दुखतं. पण जळजळ ही तक्रार मोतीबिंदूइतकी मोठी वाटत नाही.

या काळातलाच एक अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९८१ मध्ये नायॉशच्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या काही कचेऱ्यांमधल्या लोकांच्या तक्रारींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यावर काम करणारे दोन प्रकारचे लोक त्यात होते : पत्रकारांसारखे व्यावसायिक, आणि दिवसभर माहिती भरणारे कारकून. सर्वाधिक तक्रारी कारकुनांच्या होत्या. पत्रकारांच्या बऱ्याच कमी. पडदा दोघांसमोरही होता. पण पत्रकार उठू शकत होता, फोन करू शकत होता, काम कुठल्या क्रमाने करायचं ते ठरवू शकत होता. कारकुनाचा वेग, क्रम आणि उद्दिष्ट तिन्ही दुसऱ्याने ठरवलेलं होतं.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने एक मोठा अहवाल काढला. पडदे डोळ्यांना कायमची इजा करतात असा पुरावा नाही, तक्रारी मात्र खऱ्या आहेत, आणि त्या प्रकाशयोजना, टेबल-खुर्ची आणि कामाची आखणी यांच्याशी जोडलेल्या आहेत, असा त्याचा रोख होता. टाइपरायटरवर कागद बदलावा लागायचा, खोडावं लागायचं, फाईल आणायला उठावं लागायचं. पडद्याने या सगळ्या फटी बुजवल्या. आजोबांचं अंगण गेलं ते असं.

बावीस, दहा, सात

पापणीकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं ते १९९३ मध्ये. काझुओ त्सुबोता आणि नाकामोरी या जपानी संशोधकांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटं पत्र लिहिलं. १०४ कचेरी कर्मचाऱ्यांच्या पापण्या त्यांनी मोजल्या. निवांत बसलेले असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा. टेबलावरचं पुस्तक वाचताना १०. पडद्यावरचा मजकूर वाचताना ७.

आता कुणी म्हणेल, पुस्तक वाचतानाही कमीच होतात की. त्याचं उत्तर त्यांच्या दुसऱ्या मोजमापात आहे. पुस्तक खाली ठेवलेलं असतं, त्यामुळे पापणी अर्धी उतरलेली असते. डोळ्याचा उघडा भाग तेव्हा सरासरी १.२ चौरस सेंटिमीटर. पडदा समोर असतो, डोळे सताड उघडे. तेव्हा २.३. म्हणजे पापण्या सगळ्यात कमी लवतात तेव्हाच बाष्पीभवनाला जागा जवळपास दुप्पट मिळते. एसी चालू असेल तर विचारायलाच नको. पडदा नजरेच्या खाली ठेवा, हा त्यांच्या मोजमापातून निघणारा साधा उपाय.

मी हिशेब केला. नऊ तासांत मिनिटाला २२ च्या दराने ११,८८० वेळा पापणी लवेल. ७ च्या दराने ३,७८०. रोजच्या आठ हजार पापण्या गायब.

जपानमधल्याच ओसाका शहरात ५६१ कचेरी कर्मचाऱ्यांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ११.६ टक्के लोकांना निश्चित आणि ५४ टक्के लोकांना संभाव्य कोरड्या डोळ्यांचा त्रास निघाला. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. म्हणजे असा त्रास नसलेले लोक त्या कचेऱ्यांत अल्पसंख्य होते.

इंजिनिअर असल्यामुळे मला कुणाच्या आकड्यांवर समाधान नव्हतं. एका शनिवारी बसून लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून पापण्या मोजणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. वरच्या आणि खालच्या पापणीतलं अंतर अमुक प्रमाणाखाली गेलं की एक मोजायचा. आठवडाभर चालवला. लॉग वाचताना मिनिटाला पाच. मैत्रिणीशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारताना एकवीस. अर्धवट मिटलेल्या पापण्या माझा प्रोग्रॅम धड ओळखत नव्हता, त्यामुळे हे शास्त्र नव्हे. तरी आकडे बघून पोटात गोळा आला.

शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "अगं, हे मॅनेजरला दाखवू नकोस. उद्या पापण्या कमी लवणाऱ्याला जास्त रेटिंग मिळेल." आम्ही हसलो. मग दोघंही गप्प झालो. पापणी कमी लवली म्हणजे लक्ष जास्त, हे पाँडर आणि केनेडींच्या अभ्यासातून निघतंच. मोजणारा कॅमेरा तोच. मी तो प्रोग्रॅम त्याच संध्याकाळी काढून टाकला.

नियम कुणावर?

इथून पुढचा इतिहास मला औषधांच्या दुकानात कुणी सांगितला नसता.

१९८५ मध्ये जपानच्या कामगार मंत्रालयाने पडद्यावरच्या कामासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली : सलग काम एका तासापेक्षा जास्त नको, पुढच्या तासाआधी १० ते १५ मिनिटं पडद्यापासून दूर. १९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीने कायदाच केला. वीसहून जास्त टर्मिनल असलेल्या कंपन्यांनी दर तीन तासांनी १५ मिनिटांची सुट्टी द्यायची, आणि डोळे तपासणीचा व चष्म्याचा ८० टक्के खर्च उचलायचा. कंपन्यांनी कडाडून विरोध केला. पुढच्याच वर्षी न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. १९९० च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को शहराने तसाच प्रयत्न केला. १९९२ मध्ये तोही न्यायालयात पडला. कामाच्या सुरक्षेचे नियम करणं शहराच्या हाती नाही, तो राज्याचा अधिकार आहे, या मुद्द्यावर.

युरोपात मात्र तो टिकला. मे १९९० च्या युरोपीय निर्देशानुसार पडद्यावरचं काम ठरावीक काळाने थांबवलं पाहिजे किंवा बदललं पाहिजे, कर्मचाऱ्याला डोळे तपासून घेण्याचा हक्क आहे, आणि पडद्यासाठी खास चष्मा लागला तर त्याचा भार कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही. ब्रिटनने १९९२ मध्ये त्यावर स्वतःचे नियम केले.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात डोळ्यांच्या रक्षणाचं एक स्वतंत्र कलम होतं, ३५वं. ते उडणारे कण आणि अतिप्रखर प्रकाश यांच्याबद्दल. वेल्डिंगच्या ठिणग्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं, आणि त्या काळासाठी योग्यच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात तरतूद होती ती सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची. कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याला तीच आणि मलाही तीच. पाच तास म्हणजे अश्रूंचा थर चार सेकंदांत फाटणाऱ्या माणसासाठी किती, याचा हिशेब तुम्हीच करा.

मधल्या काळात आपल्यापर्यंत पोचला तो २०-२०-२० चा नियम. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवर, वीस सेकंद बघा. त्याचं श्रेय कॅलिफोर्नियातले ऑप्टोमेट्रिस्ट जेफ्री अँशेल यांना देतात. नियम चांगला आहे, फुकट आहे, लक्षात राहतो. २०२३ मधल्या एका अभ्यासात तशी आठवण करून देणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा त्रास कमी झाला, पण ते बंद केल्यावर आठवड्याभरात फायदा ओसरला. त्याच वर्षी कॉक्रेन या संस्थेने निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. डोळ्यांचा ताण कमी करायला ते बहुधा साध्या चष्म्याहून अधिक उपयोगी नाहीत, असं निघालं. माझ्या ड्रॉवरमध्ये असा एक चष्मा आहे. अठराशे रुपयांचा.

या दोन यादींमधला फरक बघा. जपानचा, सफोकचा, युरोपचा नियम कामावर होता. २०-२०-२०, चष्मा आणि ड्रॉप्स हे नियम माणसावर आहेत. पहिल्यात मालकाने काम थांबवायचं. दुसऱ्यात मी काम चालू ठेवून, कुणाला न कळेल असं, खिडकीकडे बघायचं. मिटिंगमध्ये वीस सेकंद खिडकीबाहेर बघून दाखवा.

मूळ कारण

आता माझा स्वतःचा वाटा सांगायला हवा. माझं कामच बिल्ड वेगवान करण्याचं आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रॉडक्टचा बिल्ड बावीस मिनिटं चालायचा. कोड चढवला की सगळे उठायचे. चहा व्हायचा, गॅलरीत गप्पा व्हायच्या. मी तीन महिने खपून तो चार मिनिटांवर आणला. टाळ्या पडल्या, वर्षअखेरीला बोनस मिळाला. चार मिनिटांत कुणी चहाला उठत नाही. चार मिनिटं लोक फोन बघतात. आजोबांच्या छापखान्यात ट्रेडल बंद पडल्यावर जे अंगण मिळायचं, ते आमच्या टीमचं अंगण मी माझ्या हाताने बुजवलं होतं. बिल्ड पुन्हा मंद करा, असं मी म्हणत नाही. पण यंत्राने फुकट दिलेली फुरसत काढून घेतली, तर ती माणसांनी ठरवून परत ठेवावी लागते. आम्ही ती ठेवली नव्हती.

ड्रॉप्स चालू आहेत, रात्री पापण्यांना गरम शेक देते, स्क्रीन चार बोटं खाली घेतलाय, एसीचा झोत वळवलाय. हे सगळं करायलाच हवं आणि त्याने फरक पडतो. तीन महिन्यांनी पट्टी दोन्हीकडे नऊ निघाली.

त्याच आठवड्यात मी ते जुनं पोस्टमॉर्टेम उघडलं. 'मानवी चूक' खोडलं आणि लिहिलं : ऑन-कॉल व्यक्ती पावणेचार तास सलग, एकटी, लॉग वाचत होती. बदली माणूस नव्हता. दृष्टी धूसर झाली होती. उपायाच्या रकान्यात लिहिलं : रात्रीच्या घटनेत एका व्यक्तीने सलग एक तासापेक्षा जास्त वेळ लॉग बघू नये. दुसरी व्यक्ती यादीत हवीच.

टीम लीडचा फोन आला. "हे इतकं पर्सनल कशाला लिहिलंस? डोळ्यांचं काय ते वेगळं बघू ना." मी त्यांना म्हणाले की पर्सनल असतं तर ड्रॉप्सने भागलं असतं. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. मग ऑन-कॉलच्या यादीत प्रत्येक रात्रीपुढे दुसरं नाव आलं. तासाचं कलम अजून 'चर्चेत' आहे.

मागच्या गुरुवारी पुन्हा अलर्ट आला. मध्यरात्र उलटून वीस मिनिटं झाली होती. एक तास दहा मिनिटांनी मी दुसऱ्या नावाला फोन केला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोरच्या इमारतीत तीन खिडक्यांत निळसर उजेड होता. तिथेही कुणीतरी बघत बसलेलं होतं.